बोटीवरच्या शेगडीचा सीएनजी सिलिंडर पुन्हा कसा भरून घ्यावा

१९८०च्या दशकात अमेरिकेत बांधलेल्या बऱ्याच शिडाच्या बोटींवर स्वयंपाकाची शेगडी सीएनजीवर चालायची. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो गळला की बोटीच्या तळाशी साचतो आणि तिथून सहज बाहेर निघत नाही. सीएनजी म्हणजे बहुतांशी मिथेन. त्याचं वजन हवेच्या निम्म्याहून थोडं जास्त, म्हणून गळला तरी तो वर चढतो आणि उघड्या हॅचमधून, म्हणजे डेकवरच्या झडपेतून, निघून जातो. विचार अगदी बरोबर होता, पण असे सिलिंडर भरून देणारे फार थोडे उरले. त्यामुळे जुनी बोट घेतल्यावर बहुतेक जण आधी गॅस कुठे मिळेल ते शोधायला लागतात. माझं म्हणणं असं की आधी सिलिंडर वाचा. तो भरता येईल की नाही आणि कोण भरेल, हे त्याच्या खांद्यावर ठोकलेल्या अक्षरांवरून ठरतं.

सिलिंडरच्या खांद्यावर काय पाहायचं

मानेजवळच्या गोलाईवर ठशांची एक ओळ असते. अमेरिकी पोलादी सिलिंडरवर ‘डीओटी ३एए’ (डीओटी म्हणजे अमेरिकेचं परिवहन खातं, ३एए हा सिलिंडरचा प्रकार) आणि त्यापुढे एक आकडा दिसेल, उदाहरणार्थ २२६५ किंवा २४००. हा आकडा म्हणजे पीएसआयमधला (दर चौरस इंचाला पाउंड) भरण्याचा दाब. सिलिंडर यापेक्षा जास्त भरायचा नाही. त्याच भागात तपासणीचा महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं, आणि त्या दोहोंच्या मध्ये तपासणाऱ्या केंद्राची खूण असते. सिलिंडरमध्ये पाणी भरून दाब देऊन ही चाचणी करतात. साधारणपणे ती दर ५ वर्षांनी करावी लागते. मुदत संपली म्हणून आत असलेला गॅस वापरायला बंदी नाही, पण नवी चाचणी होईपर्यंत तो सिलिंडर पुन्हा भरता येत नाही. ठसे गंजून किंवा रंगाखाली जाऊन वाचता येत नसतील तर रंग हळूच काढा. ग्राइंडर मात्र लावू नका.

तळाकडे खोल गंज, पोचा किंवा जळाल्याची खूण दिसली तर पुढची धावपळ करूच नका. खारट हवेत बांधून ठेवलेला सिलिंडर बहुतेक वेळा पट्ट्याखालीच कुजतो, म्हणून पट्टा काढूनच पाहा.

गाड्यांच्या पंपावर का नाही

सगळ्यांना पहिल्यांदा सुचतं ते हेच: गाड्या सीएनजी भरतात तिथेच आपलाही भरून घेऊ. गॅस तोच आहे, अडचण दाबाची आहे. अमेरिकेत गाड्यांच्या टाक्या ३,६०० पीएसआयपर्यंत म्हणजे साधारण २५० बारपर्यंत भरल्या जातात आणि पंप त्याच हिशेबाने थांबतो. तुमच्या सिलिंडरची मर्यादा २,२५०च्या आसपास. ३एए सिलिंडरची चाचणी त्याच्या कामाच्या दाबाच्या ५/३ पट दाबाला होते, म्हणजे २,२५०च्या सिलिंडरची ३,७५०ला. पंपाच्या नळीला ॲडॉप्टर लावून कोणी तो ‘फुल’ केला, तर तपासणी केंद्रात मजबूत बंदिस्त जागेत जो दाब दिला जातो, जवळपास तोच दाब घेऊन तुम्ही बोटीत झोपाल. असे ॲडॉप्टर तयार करता येतात म्हणून ते वापरावेत असं नाही.

घरच्या पाइपलाइनमधूनही भरता येत नाही. तिथला दाब पाव पीएसआयच्या आसपास असतो. तो हजारो पटींनी वाढवायला खास कॉम्प्रेसर लागतो. हवेचा साधा कॉम्प्रेसर किंवा पाणबुड्यांचे सिलिंडर भरणारं यंत्र ज्वालाग्राही वायूला लावणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

मग उरतात दोन वाटा: औद्योगिक वायू भरून देणारा विक्रेता, किंवा रिकामा देऊन भरलेला घ्यायची सोय. जाण्याआधी फोन करा आणि चार गोष्टी सांगा: ठशावरचा प्रकार, दाब, चाचणीची तारीख आणि व्हॉल्व्हच्या जोडणीचा प्रकार. बोटींवरच्या सीएनजीला बहुतेक वेळा ‘सीजीए ३५०’ या अमेरिकी मानकाची जोडणी असते. एवढं सांगितलं की विक्रेता हो किंवा नाही लगेच सांगू शकतो.

सिलिंडर काढणं आणि नेणं

एक बर्नर पेटवा आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. नळीतला गॅस जळून ज्योत विझली की बर्नरचा नॉबही बंद करा. आता जोडणी सोडवा. इथे आटे उलटे असतात, म्हणजे नेहमी ज्या दिशेला आवळतो त्या दिशेला हे सुटतात. हे लक्षात नसलेला माणूस पान्यावर जोर लावून जोडणी आणखी घट्ट करतो आणि पितळेची नट खराब करून बसतो.

सिलिंडर अगदी शेवटच्या फुंकरीपर्यंत रिकामा करू नका. थोडा दाब राहिला तर बाहेरची दमट हवा आत शिरत नाही. आत पाणी साचलं की पोलाद आतून गंजतं, आणि दाब उतरताना गॅस थंड होत असल्यामुळे ओलावा रेग्युलेटरमध्ये गोठून तो अडवतो. व्हॉल्व्हवर संरक्षक टोपी असेल तर ती बसवा. सिलिंडर उभा बांधून न्या, गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवा आणि उन्हात बंद गाडीत सोडून जाऊ नका.

भरताना घाई नको. वायू झपाट्याने दाबला की तापतो, आणि गेजवर पूर्ण दाब दिसला तरी सिलिंडर थंड झाल्यावर काटा खाली येतो. ठशावरचा दाब २१ अंश सेल्सिअसला धरलेला असतो. म्हणून सावकाश भरून थंड होऊ द्या आणि मग गेज पाहायला सांगा. चांगला विक्रेता हे न सांगताच करतो.

परत जोडताना

व्हॉल्व्हचं तोंड आणि जोडणीचं टोक स्वच्छ, कोरड्या कापडाने पुसा. ही जोडणी धातूवर धातू बसून बंद होते, त्यामुळे टेफलॉन टेप, ग्रीस, तेल यांपैकी काहीही लावू नका. नट हाताने बसवून मग पान्याने आवळा. रेग्युलेटरच्या समोर न राहता बाजूला उभे राहा आणि व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडा.

साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर लावून बुडबुडे पाहा. त्याहून भरवशाची चाचणी गेजची. सगळे बर्नर बंद ठेवून व्हॉल्व्ह उघडा, काटा कुठे आहे ते पाहा, व्हॉल्व्ह बंद करा आणि १५ मिनिटं थांबा. काटा जागचा हलला तर गळती आहे, आणि ती सापडेपर्यंत काडी ओढायची नाही. मिथेन हवेत साधारण ५ टक्क्यांपासून १५ टक्क्यांपर्यंत असेल तर पेट घेतो, आणि बोटीची केबिन लहान असते. वास ओळखीचा असला तरी नाकावर विसंबू नका. गॅस सूचक छताजवळ बसवलेला हवा. एलपीजीसाठीचा तळाशी बसवलेला सूचक इथे निरुपयोगी आहे.

किती दिवस पुरेल

सीएनजीची एक सोय मला फार आवडते. तो सिलिंडरमध्येही वायूच राहतो, त्यामुळे दाब जवळपास अर्ध्यावर आला की गॅसही साधारण अर्धा उरलेला असतो. एलपीजीचं गेज द्रव संपेपर्यंत काहीच सांगत नाही. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये १५५ बारला (सुमारे २,२५० पीएसआय) सुमारे २.२ घनमीटर गॅस मावतो. २ किलोवॅटचा एक बर्नर पूर्ण आचेवर तासाला ०.२ घनमीटर घेतो, म्हणजे दहा-अकरा तास. फार नाही. लांबच्या सफरीवर दुसरा सिलिंडर लागतोच.

भरून देणारा जवळपास कुणीच नसेल तर एलपीजीकडे वळणं शहाणपणाचं, पण ते नुसता सिलिंडर बदलून होत नाही. सीएनजीच्या बर्नरची जेट, म्हणजे गॅस सोडणारी छिद्रं, मोठी असतात. त्यांतून एलपीजी सोडला तर ज्वाळा अनावर होते. जेट आणि रेग्युलेटर बदलावे लागतात, आणि सिलिंडरसाठी केबिनपासून पूर्ण बंद असलेला, तळातून थेट बोटीबाहेर निचरा होणारा कप्पा लागतो. प्रत्येक जुन्या शेगडीला एलपीजीची जेट मिळतातच असं नाही, म्हणून कप्पा बांधायला घेण्याआधी शेगडीच्या पाटीवरचा मॉडेल क्रमांक घेऊन तेवढी चौकशी करा. निकामी झालेला सीएनजी सिलिंडर भंगारात टाकू नका. तो वायू विक्रेत्याकडे किंवा तपासणी केंद्रात द्या, म्हणजे ते आतला गॅस सोडून व्हॉल्व्ह काढून घेतील.