खानदेशात नव्यानं आलेल्या फादरांसाठी: पहिल्या दिवाळीच्या आत माणसं ओळखायची

बदलीचं पत्र साधारण मे-जूनमध्ये हातात पडतं आणि खानदेशात माणसं घरी भेटायला हीच वेळ अडचणीची. पाऊस झाला की कापूस, मका, ज्वारीची पेरणी सुरू होते, दिवसभर दाराला कडी. दिवाळी आटोपली की नंदुरबार जिल्ह्यातली कितीतरी आदिवासी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात आणि होळीच्या आगेमागे परततात. म्हणजे जूनअखेर ते दिवाळी, जेमतेम १८ आठवडे हातात असतात.

हिशेब आधीच करून ठेवावा. धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, १८० कुटुंबं आहेत असं धरा. आठवड्यातून २ संध्याकाळी ४-४ घरं केली तर आठवड्याला ८ घरं, सगळी व्हायला २२-२३ आठवडे. तोवर अर्धे पाडे ओस पडलेले असतात. ३ संध्याकाळी दिल्या तर १५ आठवड्यांत काम होतं आणि धो-धो पावसाचे २-३ आठवडे हाताशी राहतात. घरभेटी ही काही आवडीची जादा सेवा नव्हे. कुटुंबांना भेटून माणसं ओळखणं हे धर्मगुरूचं कर्तव्यच आहे, कॅनन लॉच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या, ५२९व्या कलमात ते स्पष्ट लिहिलेलं आहे.

जुने फादर निघण्याआधी त्यांच्यासोबत निदान २ दिवस काढा. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांची रजिस्टरं समोर ठेवून शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते पाहा. दृढीकरणाची (कन्फर्मेशनची) नोंद बाप्तिस्म्याच्या रजिस्टरातही चढलेली असायला हवी, तिथं हमखास राहून गेलेलं असतं. रोकडवही, पावतीपुस्तकं आणि बँकेचं पासबुक तीन माणसांच्या देखत ताब्यात घ्या. अर्थसमिती प्रत्येक धर्मग्रामाला बंधनकारक आहे. ती कागदावरच असेल तर पहिल्या महिन्यातच तिची बैठक लावा, कारण पैशाबद्दलची कुजबुज नव्या माणसाच्या अंगाला सगळ्यात लवकर चिकटते.

आता घरभेट. संध्याकाळी साडेसहानंतर जावं. गावातला कॅटेकिस्ट, म्हणजे धर्मशिक्षण देणारा माणूस, सोबत असावा, पण दर वेळी तोच नको. तो ज्या भावकीतला असेल तिचीच घरं आधी दाखवली जातात आणि पाड्याच्या पलीकडच्या टोकाची ४ घरं 'उद्या करू' म्हणून राहतात. दुसऱ्या फेरीला एखादी बचतगटातली ताई किंवा शाळेतला मोठा मुलगा घ्या. तो वेगळ्याच वाटेनं नेतो आणि रजिस्टरात नसलेली घरं तिथंच सापडतात.

कुडाच्या घरात शिरताना चपला बाहेर. खाट टाकून 'बसा' म्हणेपर्यंत उभं राहावं. पाण्याचा तांब्या पुढे आला की तो घ्यावाच, न घेतलेलं पाणी वर्षभर लक्षात राहतं. चहा बहुधा कोरा असतो, दुधाची चौकशी करू नये. ४ घरी ४ कप जड जात असतील तर 'अर्धाच द्या, माय' म्हटलेलं चालतं. जेवणाचं मात्र जपा. ज्याच्या घरी मोटारसायकल उभी करायला अंगण आहे त्याच्याचकडे दर वेळी भाकर खाल्ली, तर 'फादर त्यांचे' हा शिक्का २ महिन्यांत बसतो आणि मग बाकीचे मिस्सेलाही (चर्चमधल्या उपासनेलाही) मागे उभे राहतात. जेवण कोणाकडे ते आठवडाभर आधी सांगा आणि घर दर वेळी बदला. गरिबाचं घर गाळू नका. तिथली भाकर, मिरचीचा ठेचा आणि शेजारी जमलेली पोरं यांतून जे कळतं ते सभेत कळत नाही.

पहिल्या भेटीत मांडीवर वही नको. वही दिसली की लोकांना सरकारी सर्वे आठवतो आणि उत्तरं मोजूनमापून येतात. २०-२५ मिनिटं बसा, शेतीचं, जनावरांचं, आजाऱ्याचं विचारा, एक छोटी प्रार्थना करा आणि निघा. त्याच रात्री लिहून काढा: घरात कोण, बाहेरगावी कोण, घरी कोणती भाषा बोलतात, अंथरुणाला खिळलेलं कोण, कोणाला घरी कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) न्यावं लागेल. कर्ज, भांडण, दारू यांतलं काही वहीत उतरवू नका, वही हरवते. कन्फेशनमध्ये, म्हणजे पापकबुलीत, ऐकलेलं तर कुठेच उतरत नाही, भेटीतल्या बोलण्यातही नाही.

नावांचा घोळ सगळीकडे आहे. बाप्तिस्म्याला एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आधारवर तिसरं स्पेलिंग. दाखला मागायला आलेल्या मुलीला बाप्तिस्म्याच्या नावानं शोधलं तर ती सापडत नाही. म्हणून वहीत तिन्ही नावं शेजारीशेजारी लिहा. मूळ रजिस्टरात खाडाखोड मात्र करू नका, दुरुस्ती धर्मप्रांताच्या कचेरीला विचारूनच. कागदावरच्या धर्माची चौकशी चारचौघांत करू नये. १९५०च्या अनुसूचित जाती आदेशामुळे अनुसूचित जातीतला माणूस ख्रिस्ती झाला की त्याच्या सवलती जातात, अनुसूचित जमातीला ती अट नाही. एका बाकावर बसलेल्या दोघांसाठी तोच प्रश्न वेगळा असतो, आणि एकाच्या तो जिव्हारी लागतो.

भाषेचं बोलायचं तर पुस्तकी मराठीतलं प्रवचन मावची किंवा पावरी बोलणाऱ्या आजीपर्यंत पोचत नाही. ख्यालीखुशालीची, आजाराची आणि सांत्वनाची २०-२५ वाक्यं त्या बोलीत तोंडपाठ करा आणि चुकलं तर दुरुस्त करायला सांगा. धुळे-जळगावकडे अहिराणी. तिथं 'जेवण झायं का?' एवढं विचारलं तरी ओसरीवरचा अवघडलेपणा जातो.

भुसावळला हे गणित सगळं बदलतं. तिथं रेल्वेची माणसं. गोव्याची, मंगळूरची, तमिळ, मल्याळी कुटुंबं मराठी भाषकांसोबत एकाच चर्चमध्ये असतात. रनिंग स्टाफ, म्हणजे गाडीवर चालणारे ड्रायव्हर-गार्ड, रात्रीची गाडी करून दिवसा झोपतो, म्हणून क्वार्टरची कडी दुपारी वाजवू नका. आधी फोन करून ड्यूटी विचारा. बदल्या सतत होत असल्यानं इथली यादी वर्षातून दोनदा तपासावी लागते.

लग्नाचा विषय पहिल्याच भेटीत निघतो. प्रॉटेस्टंट मंडळीतली सून किंवा जावई असेल तर तिकडच्या पाळकांकडून बाप्तिस्म्याचा दाखला मागवा. बाप्तिस्मा पुन्हा द्यायचा नसतो. पण अशा लग्नाला बिशपांची परवानगी लागते, आणि दुसरा पक्ष बाप्तिस्मा न झालेला असेल तर सूट लागते. हा कागद हातात येईपर्यंत पत्रिका छापू नका, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. न सांगितल्यामुळे हळदीच्या आदल्या दिवशी रडारड होते.

मरण मात्र विचारून येत नाही. दफनभूमी कुठे, तिची वाट कोणाच्या शेतातून जाते, सातबाऱ्यावर नाव कोणाचं, खड्डा कोण खणतं, हे जूनमध्येच पायी जाऊन पाहून घ्या. पावसाळ्यात नाल्याला पाणी आल्यावर वाट शोधायची वेळ येऊ नये.

पहिलं वर्षभर मिस्सेची वेळ, ढोल, गाणी, बसायची पद्धत यांना हात लावू नका. होळीला गाव नाचतं तेव्हा आपली माणसं कुठे असतात, अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या लेकी रविवारी येतात का, हे एकदा डोळ्यांनी पाहा, मग बोला.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधीच्या रविवारी दिवस गेलेल्या बायांशी सिस्टरांना बोलायला सांगा. बाळ उसाच्या फडावर जन्मलं तर जन्माची नोंद तिथल्याच, म्हणजे गुजरातच्या पंचायतीत होते, गावी परतून होत नाही. २१ दिवसांत ती विनाशुल्क होते, वर्ष उलटलं की मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासाठी जन्माचा हाच दाखला धरला जातो. कोणत्या घरातून कोण कोणत्या गावी गेलं आणि मुकादमाचा फोन काय, हे त्या रविवारी वहीत लिहून घ्या.