नोकरी सांभाळून शेळ्या: धार एकदा काढावी की दोनदा?

आरेतल्या एका पाड्यावर माझ्या पाच शेळ्या आहेत आणि आठवड्याचे सहा दिवस मी गोरेगावहून चर्चगेटची लोकल पकडतो. त्यामुळे धार किती वेळा काढावी हा प्रश्न मला पुस्तकातून पडला नाही, तो रेल्वेच्या वेळापत्रकाने विचारला. आरे म्हणजे १९४९ पासूनचे म्हशींचे तबेले; तिथला दोन धारांचा शिरस्ता मी सुरुवातीला डोळे मिटून उचलला आणि थकल्यावर तितक्याच डोळे मिटून सोडला. दोन्ही वेळा शेळीकडे पाहायचे राहूनच गेले.

शेळीच्या कासेत दुधाचा बराच मोठा वाटा खालच्या पोकळीत साठतो, म्हणून गाईपेक्षा ती दोन धारांमधले लांब अंतर चांगले सहन करते. मात्र कास तुडुंब भरून राहिली की दूध तयार करणाऱ्या पेशी हात आखडता घेतात, आणि हे रोजचेच झाले तर पुढे धारा वाढवूनही गेलेले दूध पूर्ण परत येत नाही. शेळीचे दूध व्याल्यानंतर साधारण चौथ्या ते आठव्या आठवड्यात सर्वांत जास्त असते. त्या काळात केलेली काटकसर सगळ्या वेताला भोवते.

हे मला बीटल या जास्त दुधाच्या जातीच्या एका संकरित शेळीने शिकवले. करडे बाटलीवर घेतल्यावर, व्याल्याच्या पाचव्या आठवड्यातच मी तिला एका धारेवर आणले. त्यात एका पावसाळी रात्री गाड्या बंद पडल्या, तिला सोबत राहणारे कुणी नव्हते, आणि मी पोचलो तेव्हा उजव्या सडातून दूध आपोआप ठिबकत होते, डाव्या बाजूची कास दगडासारखी घट्ट नि गरम लागत होती. दुसऱ्या सकाळी काळ्या वाटीत घेतलेल्या पहिल्या दोन पिळांत रव्यासारख्या गाठी दिसल्या, म्हणजे कासदाहाची खूण. उपचार झाले, पण डावा सड त्या वेतात पुन्हा पूर्ण वाहता झाला नाही.

तेव्हापासून मी शेळीगणिक ठरवतो. उस्मानाबादी शेळ्यांना दूध बेताचेच असते. त्यांची करडे रात्री वेगळी कोंडतो, पहाटे धार काढतो आणि दिवसभर करडांना आईपाशी सोडतो, म्हणजे दुसरी धार तीच काढतात. नोकरदाराला याहून सोयीची पद्धत मला सापडलेली नाही. जास्त दुधाच्या शेळीला मात्र पहाटे साडेपाच आणि रात्री आठ अशा दोन धारा लागतात. अंतर साडेचौदा आणि साडेनऊ तासांचे पडते, ते चालते. रोजची वेळ मात्र बदलू देत नाही. एका धारेवर यायचेच असेल तर आधी आठवडाभर दूध मोजून लिहून ठेवावे, कारण पाचव्या-चौथ्या हिश्श्याची घट सहज येते आणि ती खुराकाच्या खर्चाशी ताडून पाहावी लागते.

तिसऱ्या धारेच्या वाटेला मी गेलो नाही. विकतच्या चाऱ्यावर ती परवडत नाही. डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट वाढतील या आशेने पाड्यावर शेळीच्या दुधासाठी माणसे येतात. त्याला खात्रीचा पुरावा नाही असे सांगून, उकळून प्या असे बजावून मी दूध देतो, पण त्या गर्दीच्या भरवशावर धारा वाढवत नाही.

गाभण शेळी पाच महिन्यांनी विते, म्हणून तिसरा महिना संपत आला की खुराक कमी करून तिला एका धारेवर आणावे आणि मग आटवावे, म्हणजे कासेला दोन महिने विश्रांती मिळते. माझी बीटल आता त्याच टप्प्यावर आहे. ती व्याल्यावर माझी गाडी चुकली तर संध्याकाळची धार कोण काढणार, हे या वेळी आधीच ठरले आहे: शेजारच्या मावशी गेले पंधरा दिवस माझ्यासोबत बसून तिच्या सडाला हात सवयीचा करत आहेत.