जॉर्जियातल्या डिकॅब काउंटीचे १८२३ साल कसे जुळवायचे

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातली डिकॅब काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) ९ डिसेंबर १८२२ला हेन्री, ग्विनेट आणि फेएट या काउंट्यांचे भाग तोडून झाली. म्हणजे १८२३ हे तिचे पहिले पूर्ण वर्ष. त्या वर्षी तिथली जमीन कोणाची होती आणि तिथे कोण राहत होते, हे जुळवायचे आहे. पण काउंटीचे मुख्य ठिकाण असलेल्या डिकेटरचे कोर्टहाउस १८४२मध्ये जळाले आणि सुरुवातीची दप्तरे त्यात गेली. म्हणून शोध माणसाच्या नावापासून नको, जमिनीच्या नंबरापासून सुरू करा.

मूळ काउंटी, डिस्ट्रिक्ट (काउंटीतला जमीन-मोजणीचा विभाग) आणि लॉट (त्यातला मोजून पाडलेला जमिनीचा चौकोनी तुकडा) या तिन्ही गोष्टी एकत्रच टिपा. एकच लॉट नंबर प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये पुन्हा येतो, त्यामुळे नुसता ‘लॉट २००’ कुठलाच पत्ता सांगत नाही. हेन्रीकडून आलेला लॉट २०२½ एकरांचा, बाजू ४५ साखळ्या, म्हणजे २,९७० फूट. ग्विनेटकडचा २५० एकरांचा, बाजू ५० साखळ्या. क्षेत्रफळ जुळेना, तर आधी मूळ काउंटी तपासा. चूक बहुधा तिथेच असते.

मग मोरो इथल्या जॉर्जिया आर्काइव्हजमधून त्या लॉटची मूळ सनद काढा. हेन्रीकडची जमीन जानेवारी १८२१च्या तहाने क्रीक या मूळनिवासी लोकांकडून घेऊन त्याच वर्षी सोडतीने वाटली. सोडतीत नाव निघालेला माणूस तिथे राहायला आलाच, असे धरू नका. अनेकांनी लॉट परस्पर विकले. प्रत्यक्ष कोण राहत होते, यासाठी उपलब्ध टॅक्स डायजेस्ट (करदात्यांच्या याद्या) पाहा: मालक, एकर, जमिनीचा कस, जवळचा ओढा आणि ‘मूळ कोणाला मिळाली’ हा रकाना. यातला ओढा फार कामाचा. नंबर चुकीचा उतरवला गेला, तर तोच जागा पकडून देतो. मात्र माणूस दुसऱ्या काउंटीतली जमीनही राहत्या काउंटीत नोंदवी, म्हणून काउंटीचा रकाना वाचल्याशिवाय एकरांची बेरीज करू नका.

गुलाम माणसांची डायजेस्टमध्ये फक्त संख्या मिळते. त्यांची नावे मृत्युपत्रांत आणि मृताच्या मालमत्तेच्या याद्यांत शोधा, तीही मालक ज्या काउंटीतून आला तिथल्या. हे काम वेळखाऊ आहे, तरी सोडू नका. ते सोडले तर त्या वर्षाचे चित्र खोटे ठरते.

१८३०च्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव असते, तेव्हा ती पडताळणीपुरतीच वापरा. आजच्या अटलांटाचा बराच भाग १८५३पर्यंत डिकॅबमध्येच होता. त्या भागातल्या लॉटचे नंतरचे व्यवहार डिकॅबमधून वेगळ्या झालेल्या फुल्टन काउंटीत पाहावे लागतील.