सील, स्ट्रिप आणि फुंकर: नशा-तपासणी करताना या चुका टाळा

कामाच्या जागी होणाऱ्या ड्रग-अल्कोहोल टेस्टचा निकाल रद्द झाला की सगळे आधी प्रयोगशाळेकडे बोट दाखवतात. खरं तर लघवीचा नमुना तिथे पोचेपर्यंत जे बिघडायचं ते बहुतेक वेळा बिघडून गेलेलं असतं. बाथरूमचं दार उघडल्यापासून कुरिअरची पिशवी बंद होईपर्यंतचा वेळ सर्वस्वी तंत्रज्ञाच्या हातात असतो, आणि केस टिकते किंवा कोसळते ती तिथेच.

नव्या माणसाला वाटतं, आपलं काम नशा पकडण्याचं आहे. तो डोनरचे, म्हणजे नमुना देणाऱ्याचे, डोळे बघतो, वास घेतो, बोलण्यावरून अंदाज बांधतो आणि त्या नादात कपावरची तापमानाची पट्टी वाचायची राहून जाते. आपल्याला दाखवून द्यायची असते एकच गोष्ट: हा नमुना याच माणसाचा आहे आणि तो त्याच्या डोळ्यांदेखत बंद झाला. बाकीचं पुढची मंडळी बघतील.

खाली येणारे बहुतेक आकडे अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या नियमावलीतले आहेत (४९ सीएफआर, म्हणजे तिथल्या केंद्रीय नियमसंग्रहाचा ४९ वा खंड, भाग ४०). इतक्या बारकाईने लिहून ठेवलेले नियम या क्षेत्रात क्वचितच सापडतात, म्हणून ते धरून बोलणं सोपं जातं. तुमची कंपनी दुसऱ्या नियमांखाली येत असेल तर आकडे तिथले घ्या; कामाचा क्रम फारसा बदलत नाही.

ओळख न पटवता सुरुवात

सुपरवायझर दारातून सांगतो, "हा आला बघा तुमचा पुढचा." आपण यादीतल्या पुढच्या नावावर खूण करून मोकळे. एकाच शिफ्टमध्ये एकाच नावाची दोन माणसं असली की पुढचा घोळ निस्तरता निस्तरत नाही. फोटो असलेलं ओळखपत्र हातात घेऊन चेहरा जुळवा. ते नसेल तर कंपनीचा अधिकृत प्रतिनिधी ओळख पटवू शकतो. सोबत आलेल्या सहकाऱ्याच्या शब्दावर विसंबू नका, तो कितीही खात्रीने सांगत असला तरी. आणि एका वेळी एकच डोनर. बाहेर रांग लागली म्हणून दोघांचे कप एका टेबलावर आले की तुम्ही स्वतःच शंकेला जागा करून दिली.

खोलीची तयारी दर डोनरच्या आधी नव्याने करायची असते. कमोडच्या पाण्यात निळा रंग (म्हणजे ते नमुन्यात मिसळलं तर कळतं), नळ बंद, साबण आणि फवारे बाहेर, कचऱ्याचा डबा रिकामा. सकाळी एकदा बघितलं होतं, हे उत्तर पुरत नाही. आधीचा माणूस पुढच्यासाठी काही ठेवून जाऊ शकतो. कोट, जाकीट, बॅग बाहेर ठेवायला सांगा, खिसे उलटे करून दाखवायला सांगा. पाकीट मात्र डोनरजवळच राहू द्या.

चार मिनिटांची गोष्ट

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. नमुना हातात आल्यापासून चार मिनिटांच्या आत तापमान वाचायचं असतं आणि ते ३२ ते ३८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असायला हवं. आपण काय करतो? कप टेबलावर ठेवतो, फॉर्मवर (नमुन्यासोबत जाणारा नोंदीचा कागद, बाटलीची सीलंही त्यालाच चिकटलेली असतात) तारीख घालतो, पेन चालत नाही म्हणून दुसरं शोधतो, डोनर हात धुऊन येतो, त्याच्याशी दोन शब्द होतात आणि मग पट्टीकडे बघतो. तोवर लघवी थंड झालेली असते. आता पट्टी कोरी दिसते आहे ती आपल्या उशिरामुळे की नमुन्यात काही गडबड आहे म्हणून, हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून कप हातात घेतला की आधी पट्टी, लगेच फॉर्मवरच्या चौकटीत खूण, मग बाकीचं जग.

ती बघताना कप थोडा कलता करून पट्टीच्या मागे लघवी पोचली आहे ना, तेही बघा. कमी भरलेल्या कपात पट्टीचा अर्धा भाग हवेला लागतो आणि आकडा उमटत नाही.

तापमान खरोखरच मर्यादेबाहेर असेल, तर दोन चुका हमखास होतात. पहिली, "जाऊ द्या, उद्या या." दुसरी, तो नमुना बेसिनमध्ये ओतून टाकणं. दोन्ही चालत नाही. पहिला नमुना सील करून ठेवायचा आणि लगेच, त्याच ठिकाणी, त्याच लिंगाच्या निरीक्षकाच्या थेट नजरेखाली दुसरा घ्यायचा. दोन्ही नमुने आपापल्या फॉर्मसह प्रयोगशाळेत जातात. डोनर चिडतो, ते साहजिक आहे. त्याला "तुम्ही भेसळ केली" असं म्हणू नका. "तापमान मर्यादेत नाही, म्हणून नियमाप्रमाणे दुसरा नमुना घ्यावा लागतोय" एवढं पुरे.

कमी नमुना आणि पाण्याचा मारा

किमान ४५ मिलिलिटर लागतात. तीस आले, तर पुढच्या वेळचे पंधरा त्यात मिसळायचे नाहीत. हा मोह फार होतो, कारण डोनर घाईत असतो आणि आपणही. कमी आलेला नमुना, त्यात संशयास्पद काही नसेल तर, टाकून द्यायचा आणि नवा कप उघडायचा. नमुना कमी भरला त्या पहिल्या प्रयत्नापासून तीन तास मोजायचे आणि तेवढ्या वेळात साधारण १.२ लिटरपर्यंत पाणी थोडं थोडं द्यायचं. "थोडं थोडं" हा शब्द महत्त्वाचा. लवकर उरकावं म्हणून एका दमात लिटरभर पाणी पाजलं की नमुना पातळ होतो, आणि त्यातलं क्रिएटिनिन (लघवीत नेहमी असणारा शरीरातला टाकाऊ पदार्थ) २० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आलं की प्रयोगशाळा त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागते. मग पुन्हा टेस्ट, पुन्हा तोच वैताग.

तीन तासांत जमलंच नाही तर "नकार दिला" असा शिक्का आपण मारायचा नाही. काय घडलं, किती वाजता, किती पाणी दिलं, हे शेऱ्यात लिहून कंपनीच्या नेमलेल्या प्रतिनिधीला कळवायचं. पुढची वैद्यकीय तपासणी ठरवते की खरंच शारीरिक अडचण होती की नाही.

सही आधी की सील आधी

नमुना दोन बाटल्यांत ओततो तो तंत्रज्ञ. पहिलीत ३०, दुसरीत किमान १५ मिलिलिटर. डोनरच्या हातात बाटली द्यायची नाही आणि त्याच्या नजरेआडही न्यायची नाही. झाकण घट्ट, त्यावरून सील, सीलवर तारीख, आणि त्यानंतर डोनरची आद्याक्षरं.

हा क्रम उलटा करायची सवय अनेकांना असते. सील फॉर्मला चिकटलेलं असतानाच डोनरकडून आद्याक्षरं घेऊन ठेवतात, म्हणजे नंतर ओल्या बाटलीवर लिहायला नको. सोय म्हणून ठीक वाटतं. पण त्या आद्याक्षरांचा अर्थच मग उरत नाही, कारण डोनरने कोऱ्या कागदाच्या तुकड्यावर सही केली, बंद झालेल्या बाटलीवर नाही. कोऱ्या चेकवर सही घेण्यासारखंच हे. सुनावणीत पहिला प्रश्न यावरच येतो.

बाटली ओली असेल तर आधी पुसून कोरडी करा. सील सरकण्याचं आणि सुरकुतण्याचं मुख्य कारण तेच असतं. सील फाटलं तर सेलोटेप लावून सावरू नका. बाटलीवर अजून एकही सील बसलेलं नसेल तर सरळ नव्या फॉर्मवर जा आणि त्याची सीलं वापरा. काय घडलं ते शेऱ्यात दोन ओळींत लिहा. शेऱ्याची जागा रिकामी ठेवणं म्हणजे हुशारी, असा एक समज आहे. मला तो कधीच पटला नाही. नंतर आठवणीतून सांगितलेल्या दहा वाक्यांपेक्षा तिथल्या तिथे लिहिलेली एक ओळ भारी पडते.

फुंकर: पंधरा मिनिटं थांबा

ब्रेथ ॲनालायझरवर पहिली टेस्ट ०.०२ किंवा त्याहून जास्त आली की खात्रीची दुसरी टेस्ट घ्यायची. मध्ये किमान १५ मिनिटं जायला हवीत आणि ३० मिनिटांपेक्षा जास्त जाऊ नयेत. हा वेळ तोंडातल्या अल्कोहोलसाठी असतो. माउथवॉश, खोकल्याचं औषध, ढेकर यांतून तोंडात राहिलेलं अल्कोहोल एवढ्या वेळात उडून जातं; रक्तातलं जात नाही. म्हणून लगेच दुसरी फुंकर मारायला लावली तर आपण पुन्हा तोंडच मोजतो, आणि निर्दोष माणसाचा आकडा वाढलेला दिसतो. उलट बाजूने, डोनरला एकटं सोडून चहा घ्यायला गेलात तर त्या पंधरा मिनिटांत त्याने काय तोंडात टाकलं, हे तुम्हाला सांगता येणार नाही. त्याच्यासमोर बसा. थांबण्याचं कारण आधीच सांगा, की हे त्याच्याच फायद्याचं आहे. त्याने सूचना मोडून पाणी प्यायलं तरी टेस्ट घ्यायचीच, फक्त ते नोंदवून.

दर वेळी नवा माउथपीस, आणि त्याचं पाकीट डोनरसमोर फोडायचं. खात्रीच्या टेस्टआधी एअर ब्लँक, म्हणजे कोणी न फुंकता मशीनने मोजलेली नुसती हवा, ०.०० आला पाहिजे. नाही आला तर आधी स्वतःचे हात हुंगा! सॅनिटायझर चोळून ओल्या हातांनी मशीन धरणं हे एअर ब्लँक बिघडण्याचं अगदी साधं कारण आहे. खोलीत स्पिरिटने टेबल पुसलेलं असलं तरी तेच होतं. खोली हवेशीर करून पुन्हा घ्या. दुसऱ्यांदाही शून्यावर येत नसेल तर ते मशीन त्या दिवसापुरतं नव्हे, दुरुस्त होऊन तपासलं जाईपर्यंत बाजूला.

डोनर फुंकतो पण मशीन "अपुरा श्वास" दाखवतं, तेव्हा लगेच तो नाटक करतोय असं धरू नका. ओठांच्या कडेने हवा सुटते, गाल फुगवून फुंकलं जातं, किंवा माउथपीस नीट बसलेला नसतो. एकदा स्वतः करून दाखवा: ओठ घट्ट, एकसारखी, किमान सहा सेकंद. यातच बहुतेकांचं काम होतं.

कॅलिब्रेशनच्या नोंदींकडे दुर्लक्ष ही त्यामानाने शांत चूक, पण सगळ्यात महागडी. बाहेरच्या प्रमाणित गॅसने केलेली तपासणी फसली, तर त्या मशीनवर मागच्या बरोबर ठरलेल्या तपासणीपासून घेतलेले ०.०२ आणि त्यावरचे सगळे निकाल रद्द होतात. म्हणजे तपासणी जितकी लांबवाल, तितके जास्त निकाल एका झटक्यात पाण्यात. गॅसच्या नळकांड्यावरची मुदतही बघत जा.

स्ट्रिपवरची फिकट रेघ

जागेवरच निकाल देणाऱ्या किटवर रेघ दिसली, कितीही फिकट असो, की ती निगेटिव्ह. रेघ नाही, तर पुढच्या तपासणीला पाठवायचं. कंट्रोलची रेघच (किट नीट चालतंय हे दाखवणारी) नाही, तर किट बाद, दुसरं उघडा. "अर्धवट पॉझिटिव्ह" नावाचा प्रकार नसतो. पत्रकात दिलेल्या मिनिटांतच वाचा. उशिरा वाचलेली स्ट्रिप कुठलीही गोष्ट सांगू शकते. किट फ्रिजमधून काढलं असेल तर आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

आणि रेघ न दिसलेल्या नमुन्याला पॉझिटिव्ह म्हणू नका. स्ट्रिप प्रतिपिंडांवर चालते, आणि सर्दीच्या औषधातलं स्युडोएफेड्रिन अँफेटामिनच्या काही स्ट्रिपांना फसवतं. खसखशीमुळे मॉर्फिन दिसू शकतं. याच कारणाने अमेरिकेच्या सरकारी तपासणीत मॉर्फिनची मर्यादा १९९८ मध्ये ३०० वरून २००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर करण्यात आली. बाजारात अजून ३०० ची स्ट्रिप मिळते. ती वापरणाऱ्या तंत्रज्ञाला प्रयोगशाळेचा निगेटिव्ह रिपोर्ट बघून कोडं पडतं, पण दोघेही बरोबर असतात, फक्त मर्यादा वेगळ्या. खरेदीच्या वेळीच स्ट्रिपवरचा आकडा आणि प्रयोगशाळेचा आकडा ताडून बघा. शेवटचा निर्णय मास स्पेक्ट्रोमेट्रीचा (पदार्थ नेमका ओळखणारी प्रयोगशाळेतली तपासणी) आणि त्यानंतर मेडिकल रिव्ह्यू ऑफिसरचा (प्रयोगशाळेचा निकाल तपासणारा डॉक्टर).

नको ते प्रश्न, नको ती उत्तरं

"कुठली औषधं घेता?" हा प्रश्न आपला नाही. डोनरला हवं तर त्याने त्याच्या स्वतःच्या प्रतीवर लिहून ठेवावं. बोलेल तो मेडिकल रिव्ह्यू ऑफिसरशी. पॅसेजमध्ये सुपरवायझर हळूच विचारतो, "काय निघालं?" उत्तर एकच: निकाल ठरलेल्या माणसाकडे ठरलेल्या वाटेने जाईल. मान हलवूनही काही सुचवायचं नाही.

चूक झाल्याचं कळल्यावर

फॉर्मवर तंत्रज्ञाचं छापील नाव आहे पण सही राहिली, असं असेल तर लेखी निवेदन देऊन ते सावरता येतं. डोनरची सही राहिली आणि शेऱ्यात त्याचं कारण लिहिलेलं नाही, हेही सावरता येतं. निवेदनावर आजची तारीख घाला, टेस्टच्या दिवसाची नाही. मागची तारीख टाकली की साधी विसरभोळी चूक बनावट कागद ठरते. पण बाटलीवरचा नंबर आणि फॉर्मवरचा नंबर जुळत नसेल, किंवा फॉर्मवर तंत्रज्ञाचं नावही नाही आणि सहीही नाही, तर निवेदनाचा उपयोग नाही. टेस्ट रद्द होते, आणि ज्याच्या हातून हे झालं त्याला कळवल्यापासून ३० दिवसांच्या आत त्याच चुकीवरचं प्रशिक्षण पुन्हा घ्यावं लागतं. त्यात तीन सराव-टेस्ट लागोपाठ बिनचूक करून दाखवायच्या असतात: एक साधी, आणि दोन जिथे तो चुकला त्याच प्रसंगावरच्या.