किलोमीटरला नऊशेनं भागू नका: विमानप्रवासाची वेळ काढताना या चुका टाळा

पोरगं लंडनला आणि आई-वडील जालन्यात, अशी घरं आता मराठवाड्यात गल्लोगल्ली आहेत. तिकीट काढायच्या आधी मोबाईलवर अंतर बघायचं आणि विमानाच्या वेगानं भागायचं, इथूनच घोळ सुरू होतो.

ताशी 900 किलोमीटर हा वेग विमान उंचावर पोचल्यानंतरचा. चिकलठाणा (संभाजीनगरचा विमानतळ) ते मुंबई सरळ हवाई अंतर 280 किलोमीटरच्या घरात, म्हणजे भागाकारानं वीस मिनिटंसुद्धा होत नाहीत. तिकिटावर मात्र तासाभराच्या आसपास वेळ दिसतो. जागेवरून हलणं, धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं आणि मुंबईवर उतरायला नंबर लागणं, हे सगळं त्यात धरलेलं असतं. मुंबई–लंडन साधारण 7,200 किलोमीटर. हिशेबानं आठ तास, पण जाताना लागतात दहाच्या आसपास, कारण उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. येताना तेच वारे पाठीशी असल्यानं साधारण तासभर वाचतो. शिवाय एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना वळसा पडू लागला. शेजाऱ्यानं चार वर्षांपूर्वी सांगितलेले तास धरू नका.

दुसरी चूक घड्याळाची. मुंबईहून दुपारी 2 ला निघून लंडनला संध्याकाळी 6:30 ला पोचलात, तर प्रवास साडेचार तासांचा नव्हे. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे, म्हणजे प्रवास दहा तासांचा. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर फरक साडेचारच तासांचा राहतो.

सगळ्यात महागात पडते ती मध्यरात्रीची तारीख. तिकिटावर 17 तारीख, 00:40 असं असेल, तर विमानतळावर 16 च्या संध्याकाळीच हजर व्हायचं. देवगिरी एक्स्प्रेसनं जाणार असाल, तर संभाजीनगरहून 15 च्या रात्री बसा. 16 च्या रात्री बसलात, तर मुंबईत उतरेपर्यंत विमान अरबस्तानावरून पुढं गेलेलं असेल आणि पैसेही बहुतेक बुडालेले. पोचायच्या वेळेशेजारी +1 दिसलं, तर पोचणं दुसऱ्या दिवशी. न्यायला येणाऱ्याला तीच तारीख कळवा.

‘डायरेक्ट’ म्हणजे मधे न थांबणारं असंही नाही. एकाच नंबरचं विमान वाटेत उतरू शकतं, म्हणून ‘नॉनस्टॉप’ लिहिलंय का ते बघा.

संभाजीनगर–मुंबई आणि पुढचं तिकीट वेगवेगळं काढलं असेल, तर मधे दोन तास ठेवणं हा निव्वळ जुगार. सामान घ्यायचं, कदाचित टर्मिनल बदलायचं, पुन्हा चेक-इन करायचं, आणि बहुतेक कंपन्यांचे परदेशी काउंटर तासभर आधी बंद होतात. पहिलं विमान उशिरा आलं, तरी दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही. पाच-सहा तास हाताशी ठेवा, नाहीतर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घ्या.