विकिपीडियावर विद्यार्थ्यांना लेख लिहायला देताना

2011मध्ये पुण्यातल्या काही महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे काम दिलं होतं. पुस्तकांतून, संकेतस्थळांवरून जसाच्या तसा उचललेला मजकूर इतका साचला की उपक्रम त्याच वर्षी थांबवावा लागला आणि सफाई स्वयंसेवकांच्या गळ्यात पडली.

म्हणून लेख थेट प्रकाशित करू देऊ नका. आधी प्रत्येकाच्या धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर, कच्चा मसुदा, आणि त्याआधी फक्त संदर्भांची यादी मागा. विषयावर दोन-तीन स्वतंत्र, भरवशाचे स्रोत मिळत नसतील तर विषयच बदला. गावातल्या देवळावर लिहायची हौस असते, पण आजीने सांगितलेली आख्यायिका तिथे संदर्भ म्हणून चालत नाही. स्रोत बाजूला ठेवून आपल्या शब्दांत लिहायला लावा. चार शब्द बदलले म्हणजे नक्कल टळत नाही. ‘थोर’, ‘अतुलनीय’ अशी विशेषणं तर निर्दयपणे छाटा.

गुण मात्र लेख टिकला की उडाला यावर देऊ नका. नाहीतर मुलं वगळलेला मजकूर पुन्हा पुन्हा घालत बसतात. त्याऐवजी पानाचा इतिहास उघडा, कोणी काय लिहिलं ते तारीखवार दिसतं.