एअर पिस्तुलाची ट्रिगर स्प्रिंग किती टिकते आणि ती कधी बदलायची

"पिस्तूल घेऊन तीन वर्षं झाली, आता ट्रिगरची स्प्रिंग बदलू का?" या प्रश्नात मोजमापच चुकलेलं आहे. स्प्रिंग झिजते ती दाबांच्या संख्येने. कपाटात पाच वर्षं पडून राहिलेल्या पिस्तुलाची स्प्रिंग गंज नसेल तर जवळपास नवीच असते. उलट रोजच्या सरावातली स्प्रिंग वर्षभरात किती वेळा दाबली जाते, हे बहुतेक नेमबाजांनी कधी मोजलेलं नसतं.

हिशोब सोपा आहे. रेंजवर रोज ८० पेलेट (शिशाच्या छोट्या गोळ्या) आणि घरी भिंतीसमोर १७० ड्राय फायर, म्हणजे पेलेट न घालता नुसता ट्रिगर दाबणं. एकूण दिवसाला २५० दाब. आठवड्याचे पाच दिवस, वर्षाचे ५० आठवडे धरले तर ६२,५०० होतात. पेलेटचे डबे मोजून अंदाज बांधणाऱ्याला यातले फक्त २०,००० दिसतात. ड्राय फायरमध्ये बॅरलवर आणि व्हॉल्व्हवर ताण येत नाही, पण ट्रिगरच्या स्प्रिंगला तो दाब खऱ्या शॉटइतकाच असतो. म्हणून सरावाच्या वहीत ड्राय फायरचा आकडाही लिहा.

आपल्या पिस्तुलात कोणत्या आकाराची स्प्रिंग आहे, हे आधी पाहून घ्या, कारण त्यावर पुढचं सगळं ठरतं. सरळ वेटोळ्याची, दाबली जाणारी स्प्रिंग सहसा सावकाश ढिली होते, म्हणजे आधी सूचना देते. दोन पाय असलेली पिळाची स्प्रिंग किंवा दोन्ही टोकांना आकडे (हूक) असलेली ताणाची स्प्रिंग मात्र ट्रिगरचं वजन, म्हणजे ट्रिगर सुटायला लागणारा जोर, अगदी बरोबर दाखवत असतानाच एके दिवशी तुटते. ती तुटते जिथे तार वाकवलेली असते तिथे: पायाच्या मुळाशी किंवा आकड्याच्या वळणावर. तिथेच ताण एकवटतो. तारेवर पक्कडीचा ओरखडा किंवा गंजाचा बारीकसा खड्डा असेल, तर भेग तिथूनच सुरू होते. त्यामुळे दाबाची स्प्रिंग मोजमापावर बदलावी. पिळाची आणि आकड्याची स्प्रिंग चांगली दिसत असली तरी ठरावीक दाबांनंतर बदलावी. कंपनीच्या पुस्तिकेत दाबांची संख्या दिली असेल तर तीच पाळा. नसेल तर पिळाच्या स्प्रिंगला ५०,००० दाब ही सावध मर्यादा आम्हाला योग्य वाटते. नवी स्प्रिंग स्वस्त पडते, स्पर्धेत २३व्या शॉटला तुटलेली स्प्रिंग फार महाग.

आता मोजायचं कसं. १० मीटर एअर पिस्तुलासाठी ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम असावं लागतं. त्यासाठी लटकवायचा स्प्रिंगचा काटा वापरू नका. त्याच्या आत स्प्रिंगच असते, आणि तीही थकलेली असू शकते. ५०० ग्रॅमचं वजन घ्या आणि अडकवायच्या हुकासकट सराफाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलून घ्या, कारण हुकाचेच कधी कधी १०-१२ ग्रॅम भरतात. पिस्तुलात पेलेट नाही याची दोनदा खात्री करा. पिस्तूल कॉक करून (शॉटसाठी ट्रिगरची यंत्रणा चढवून) बॅरल सरळ छताकडे धरा, वजन टेबलावर ठेवून ट्रिगरच्या मध्यावर अडकवा आणि सावकाश वर उचला. वजन टेबलावरून पूर्ण सुटलं आणि ट्रिगर सुटला नाही, तर उत्तीर्ण. असं पाच वेळा करा. मग ५, १० ग्रॅमची छोटी वजनं वाढवत ट्रिगर नेमका कुठे सुटतो तो आकडा लिहून ठेवा. घरची सेटिंग ५१५ ते ५२० ग्रॅमला ठेवली तर शस्त्र तपासणीच्या टेबलावर धडधड होत नाही. हे मोजमाप दर पंधरवड्याला करा.

आकडा कोणत्या बाजूला सरकतो, त्यावर दोष ओळखता येतो. हळूहळू खाली जात असेल तर संशय स्प्रिंगवर किंवा ढिल्या झालेल्या सेटिंग स्क्रूवर. वर जात असेल तर स्प्रिंगचा दोष नाही. सुकलेलं तेल, धूळ किंवा सिअरवर (ट्रिगर दाबेपर्यंत चढवलेली यंत्रणा अडवून धरणाऱ्या तुकड्यावर) साचलेला मळ आहे. सोलापुरात यंत्रमागाच्या आसपास राहणाऱ्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं. हवेतला सुताचा बारीक तंतू तेलाच्या थेंबावर बसतो आणि ट्रिगरच्या खोबणीत नमद्यासारखा जमतो. अशा वेळी नवी स्प्रिंग घालून काहीच सुधारत नाही. मऊ ब्रशने सफाई करून कोरडं पुसून घ्या, आकडा परत जागेवर येतो. आणि पाच मोजमापांत आकडा ४९० ते ५३० असा उड्या मारत असेल, तर सिअरची धार किंवा घासणारी पिन पाहावी लागेल. ते काम जाणत्या कारागिराकडे द्या.

स्क्रू हलला की स्प्रिंग ढिली पडली, हे ओळखायला एक साधी युक्ती आहे. सेटिंग केल्यावर स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूपर्यंत नेलपेंटची एक बारीक रेघ ओढा. वजन उतरलं आणि रेघ तुटलेली दिसली, तर स्क्रू हलला आहे. रेघ जुळलेली असताना सफाईनंतरही वजन १५ ग्रॅमने उतरलेलं असेल, तर आठवड्याने पुन्हा मोजा. आणखी उतरलं तर स्प्रिंग बदला. स्क्रू पिळून वजन वर आणत राहू नका. त्याने स्प्रिंग आणखी दाबली जाते, तारेवरचा ताण वाढतो आणि ती अधिक लवकर जाते.

उन्हाळ्यात पारा ४३ वर गेला की "उष्णतेने स्प्रिंग मऊ पडली" असं हमखास ऐकू येतं. पोलादी तारेचा ताठपणा ३० अंशांच्या फरकाने साधारण एक टक्का बदलतो, म्हणजे ५०० ग्रॅमला ५ ग्रॅम. त्याहून जास्त फरक दिसला तर कारण दुसरीकडे शोधा.

बदलताना सिलिंडर काढा आणि आतली उरलेली हवा सोडून द्या. ग्रिप काढण्याआधी आणि नंतर मोबाईलवर फोटो घ्या. सेटिंग स्क्रू काढताना किती फेरे फिरले ते मोजून लिहा. हे विसरलात तर पुढची संध्याकाळ त्यातच जाते. खाली काठाचं स्टीलचं ताट ठेवून त्यात गुळगुळीत पांढरं कापड अंथरा. टर्किश टॉवेल नको, त्याच्या फासांत स्प्रिंग अडकते. स्प्रिंग उडू नये म्हणून हात आणि पिस्तूल मोठ्या पारदर्शक पिशवीत घालून काम करा. जुनी आणि नवी शेजारी ठेवून व्हर्नियरने (बारीक मापं घेण्याच्या साधनाने) तारेची जाडी आणि मोकळी लांबी तपासा. धातूच्या चिमट्याऐवजी प्लॅस्टिकचा वापरा. बसवल्यावर पिनांना सुईच्या टोकाने एकेक थेंब तेल पुरे, ग्रीस नको. मग १५० ते २०० ड्राय फायर करा, कारण नवी स्प्रिंग सुरुवातीला किंचित बसते. त्यानंतरच अंतिम वजन लावा. बालेवाडीच्या स्पर्धेला निघायच्या आदल्या आठवड्यात हे काम काढू नये. किमान तीन आठवडे हातात ठेवा.

जुनी स्प्रिंग ताणून लांब करणं दोन दिवस टिकतं, मग ती पूर्वीपेक्षा ढिली होते. वेटोळं कापल्याने ती मऊ होते हा गैरसमज आहे: वेटोळी कमी झाली की उरलेली स्प्रिंग अधिक ताठ होते, फक्त सुरुवातीचा दाब कमी होतो, आणि ट्रिगरची चाल बिघडते. यंत्रमागाच्या स्प्रिंगा वळून देणाऱ्याकडून नमुन्यावर करून घेण्याचा मोहही टाळा. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. ०.५० ऐवजी ०.५५ मिलिमीटरची तार लागली, तर स्प्रिंग सुमारे ४६ टक्के जास्त ताठ होईल. डोळ्याला हा फरक दिसत नाही.

हे सगळं एअर पिस्तुलापुरतं आहे. २५ मीटरच्या .२२ पिस्तुलाला किमान १,००० ग्रॅम लागतात, आणि मोजायची रीत तीच. पण तिथे सिअरची स्प्रिंग कमजोर झाली तर एका दाबात दोन गोळ्या सुटू शकतात. त्यामुळे वजन मोजण्यापुढे काही करू नका. शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायाला शस्त्र अधिनियम १९५९ नुसार स्वतंत्र परवाना लागतो. तो असलेल्या कारागिराकडेच पिस्तूल द्या, आणि सोबत तुमच्या वहीतले आकडेही दाखवा.